श्रीयुत लोहचुंबक यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत निओडिमियम लोहचुंबक,
मुक्काम : स्लॉट कारच्या पोटाखाली, मागच्या आसालगत.

स. न. वि. वि.

ट्रॅकवरील खाचेत एक पाते अडकवून, खाचेलगतच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज घेत धावणाऱ्या छोट्या गाडीला स्लॉट कार म्हणतात. तिला सुकाणू नसते आणि चालकाच्या हाती वेग कमीअधिक करणारा कंट्रोलर तेवढा असतो, त्यामुळे वळणाआधी वेग नेमका कधी आवरावा हे ओळखणे हीच या खेळातील मुख्य विद्या होय. फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये स्केलेक्स्ट्रिक हा स्लॉट कारचा खेळ लोकांपुढे आणला, तेव्हा ही विद्या चालकांकडेच होती. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेतील ऑरोरा कंपनीच्या चिमुकल्या गाड्या चुंबकाच्या बळावर पट्ट्यांना धरून धावू लागल्या, १९८०च्या दशकात निओडिमियमचे जबरदस्त चुंबक निघाले, आणि महाशयांच्या कुळाने चालकांना त्या कष्टदायक विद्येतून कायमचे मुक्त केले.

या उपकाराची जाणीव स्लॉट कार शर्यतींच्या सर्व क्लबांना आहे. महाशय गाडीला पोलादी पट्ट्यांकडे ज्या जोराने ओढतात तो तिच्या स्वतःच्या वजनाहूनही अधिक भरू शकतो, आणि मग कंट्रोलर पूर्ण दाबून ठेवणे एवढेच चालकाचे कर्तव्य उरते. अंतर किंचित वाढले की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. म्हणून, चुंबक नसलेली गाडी आधी शेपूट झोकून इशारा देत असली, तरी महाशयांच्या आश्रयाला असलेली गाडी कोणतीही पूर्वसूचना न देता थेट ट्रॅकबाहेर उडते. घसरलेल्या गाड्या उचलून पुन्हा खाचेत ठेवणाऱ्या स्वयंसेवकांना, म्हणजे मार्शलांना, त्यामुळे घडणारा व्यायामही महाशयांच्याच खाती जमा धरला पाहिजे.

तथापि समतेच्या बाबतीत महाशयांचे वर्तन चिंत्य आहे. सर्वांना एकच चुंबक असा नियम क्लबाने करावा, आणि महाशयांनी त्याचे अक्षर पाळून आशय मोडावा, असे वारंवार घडते. ओढ ठरते ती चुंबक आणि पट्टी यांमधील फटीवर. टायर घासून बारीक केले की गाडी खाली बसते, फट कमी होते, आणि झिजलेल्या टायरांची गाडी नव्या टायरांच्या गाडीपेक्षा घट्ट धरून राहते, असा न्याय केवळ महाशयांच्याच दरबारात मिळतो. ट्रॅक बदलला, पट्टीची रुंदी बदलली, की निवाडाही बदलतो. आणि लाकडी ट्रॅकवर तांब्याची पट्टी असली, तर तांबे चुंबकाला ओळखच देत नसल्याने महाशय निव्वळ ओझे होऊन बसतात.

ही ओढ मोजावी म्हणून पट्टीचा तुकडा वजनकाट्यावर ठेवून त्यावर गाडी उभी केली, तर काटा गाडी आणि पट्टी यांचे साधे वजनच दाखवतो. कारण ओढणारा आणि ओढला जाणारा दोघेही एकाच पारड्यात बसलेले असतात. चोरी पकडायची तर गाडीची चाके काट्याला न टेकणाऱ्या चौकटीवर ठेवावीत आणि खालच्या पट्टीचा तुकडा तेवढा काट्यावर असू द्यावा. पट्टी वर ओढली जाऊन काटा जितका घटेल, तितकी महाशयांची खरी ओढ.

सरसकट हद्दपारीची मागणीही काही शुद्धतावादी करतात. परंतु मोटरच्या पोटातील चुंबकही पट्ट्यांना थोडेफार ओढतातच, म्हणजे ती शुद्धता अर्धवट ठरते. शिवाय नवशिक्याची गाडी प्रत्येक वळणावर उडू लागली, तर तो क्लबाकडे पुन्हा फिरकणार नाही. म्हणून विनंती एवढीच की, ओढीची ग्रॅममधील कमाल मर्यादा क्लबाने ठरवावी, ती स्पर्धेच्याच ट्रॅकच्या पट्टीवर आणि स्पर्धेच्याच टायरांनिशी मोजावी, आणि ओढ जास्त भरल्यास महाशयांनी पातळ प्लास्टिकची चकती मध्ये घालून पट्टीपासून थोडे वर सरकावे, किंवा लहान भावाला जागा द्यावी. मर्यादा इतकी असावी की गाडी सावरेल, पण वळणावर बोट सैल करण्याची गरज संपणार नाही. शर्यत कोणी जिंकली हे सांगताना चालकाचे नाव घ्यावे लागले पाहिजे.

कळावे, लोभ असावा. ओढ मात्र ठरल्या ग्रॅमइतकीच असावी.

आपले विनीत,
कंट्रोलर सोडण्याची सवय अजून न विसरलेले चालक