इतिहासकाका

पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत पोरं दहा असोत की शंभर, इतिहासकाका एक असतातच. वय साठीच्या आसपास, डोक्याला भगवा फेटा, हातात काठी, पाठीवरच्या सॅकला प्लॅस्टिकची खोळ. खोळीच्या आत बीपीच्या गोळ्यांशेजारी एक जाडजूड बखर. पावसात ती उघडता येत नाही, पण आहे, हे गाडीतच सगळ्यांना सांगून झालेलं असतं.

सकाळी बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी काका भलतेच रंगात असतात. सिद्दी जौहरचा वेढा, राजापूरच्या इंग्रजांनी आणलेल्या तोफा, १२ जुलै १६६०ची पावसाळी रात्र, दुसऱ्या पालखीतून मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद. सगळं तोंडपाठ, आणि खरं सांगायचं तर बिनचूक. तारखेत काकांना कुणी धरू शकत नाही. भानगड होते ती जागांची.

महाराज राजदिंडीतून गडाबाहेर पडले. म्हणजे खरं तर सांगण्याजोगी जागा हीच. पण तिथून उतार लागतो, त्यामुळे काका ती चकार शब्द न काढता उतरून मोकळे होतात. म्हाळुंग्याच्या पुढे मसाई पठाराचा चढ लागला, की मग त्यांच्या अंगात इतिहास येतो. पहिल्या वळणावर एक हात गुडघ्यावर, दुसऱ्याचं बोट धुक्याकडे.

"इथं... महाराजांनी... घोडा... थांबवला."

(सकाळी महाराजांना पालखीत यांनीच बसवलेलं असतं.)

दुसऱ्या वळणावर महाराज पाणी पितात. तिसऱ्यावर मावळे शत्रूचा कानोसा घेतात, तो चांगला दहा मिनिटं चालतो. पठाराची कड येईपर्यंत महाराजांचे इतके मुक्काम पडतात, की सिद्दी मसूदनं त्यांना चहाच्या आधीच गाठलं असतं. पठारावर मात्र लांबच लांब सपाटी, तिथं इतिहास शून्य. काका तुरुतुरु सगळ्यांच्या पुढे.

खोतवाडीच्या अलीकडे भाताची खाचरं लागतात आणि चिखल काकांच्या उजव्या बुटाचा तळ ठेवून घेतो. काका बांधावर उभे राहून सुतळीनं बूट आवळतात. तोंडानं अर्थातच, "महाराज इथूनच..."

रोप लावणारी बाई कंबर सरळ करते. "गेलं असतील की. तुमी कवा जानार? पोरं पार फुडं गेल्याती."

त्या दिवसात काकांना गप्प करणारी ती एकटीच.

रात्री करपेवाडीत मुक्काम. आमटी-भात झाला, कौलांवर पाऊस वाजायला लागला, की काका घोडखिंड सांगायला घेतात आणि तेव्हा चेष्टा करणारी पोरंही पुढे सरकून बसतात. इथं काकांना दम लागत नाही, आवाज नुसता चढत जातो. बाजी खिंडीत उभे राहतात, तलवारी भिडतात. विशाळगडाच्या तोफांपर्यंत मात्र गोष्ट कधीच पोचत नाही. काकांना मध्येच झोप लागते आणि तोफांचं काम त्यांचं घोरणं करतं.

पुढच्या आषाढात तुम्ही या वाटेला गेलात, चढावर छाती फुटायची वेळ आली आणि चारचौघांत थांबायची लाज वाटली, तर काकांना गाठा. बाजीप्रभू १६५९ साली पडले, एवढंच म्हणा. अर्धा तास बसायला मिळेल.