भेदरं

आमच्या विदर्भात टोमॅटोला जुनी माणसं भेदरं म्हणतात. या शब्दाचा भेदरण्याशी काही संबंध आहे का, ते भाषेच्या जाणकारांनी ठरवावं. नागपूरच्या गच्चीवर एक उन्हाळा काढल्यावर माझी तरी खात्री पटली आहे.

बेत हिशेबी होता. फेब्रुवारीत टोमॅटो मातीमोल भावाने मिळतो आणि उन्हाळा चढला की त्याचा भाव विचारतानाही जीभ अडखळते. तेव्हा मार्चमध्ये आठ कुंड्यांत रोपं लावायची आणि मे महिन्यात भाजीवालीसमोरून खिशात हात न घालता निघून जायचं. निवृत्त माणसाला याहून मोठी चैन ती कोणती? एप्रिलच्या मध्याला झाडं पिवळ्या फुलांनी भरली. मी शेजारच्या दोन घरी टोमॅटो द्यायचं कबूलही करून बसलो.

मग रोज सकाळी कुंडीत फुलांचा सडा. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर बोटाच्या पेरासारखी एक गाठ असते. झाड नेमकं तिथून फूल सोडून देतं. ओढाताण नाही, जखम नाही. कारण न देता दिलेला राजीनामा जसा.

आधी वाटलं, पाणी कमी पडतंय. दुपारी दोनला झाडं माना टाकून उभी दिसत, म्हणून मी डोक्याला पंचा बांधून झारी घेऊन धावायचो. झाडं मुळीच तहानलेली नव्हती. पानं गुंडाळून ती आपलं पाणी वाचवत होती. दुपारी आपण खिडक्यांचे पडदे ओढतो, त्यातलाच प्रकार. सकाळी सहालाही मान खालीच असेल, तर ती खरी तहान. हे कळेपर्यंत दोन झाडांची मुळं मी मायेने कुजवली होती. उरलेल्यांना शेणखताचा इतका खुराक दिला, की पानं तळहाताएवढी आणि फळाचा पत्ता नाही.

‘‘उन्हायात भेदरं नाई लागत नं भाऊ,’’ भाजीवाली म्हणाली. ‘‘फुलातच जीव नाई राहात.’’

बाईने एका वाक्यात सांगितलं, ते मला पुस्तकांतून शोधावं लागलं. कॅलिफोर्नियात फ्रिट्स वेंट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तापमान हवं तसं ठेवता येणाऱ्या खोल्यांत टोमॅटो वाढवले आणि 1944 साली लिहून ठेवलं, की फळ धरायचं की नाही ते हे झाड मुख्यतः रात्रीवर ठरवतं. रात्र पंधरा ते वीस अंशांची हवी. म्हणजे आमच्या घरात अजून खसचा कूलर खडखडतोय आणि टोमॅटोची वातानुकूलित सोय ऐंशी वर्षांपूर्वीच होऊन गेली! दिवसा पारा पस्तिशीपलीकडे गेला की पराग निकामी होऊ लागतात आणि तेही फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधी, कळी मिटलेली असतानाच. आज गळालेलं फूल मागच्या आठवड्यातल्या उन्हाची तक्रार करत असतं.

नारायणगाव, कोलार, मदनपल्ली इथून भर उन्हाळ्यात टोमॅटोच्या गाड्या का निघतात, ते तेव्हा उमगलं. ती गावं समुद्रसपाटीपासून सातशे-आठशे मीटर उंचीची. दिवस कसाही गेला तरी रात्री वारा सुटतो. आमचं नागपूर जेमतेम तीनशे मीटरवर. नवतपा लागला की इथे मध्यरात्रीही स्लॅबवर अनवाणी उभं राहवत नाही. मी स्वतः तिथे झोपू शकत नव्हतो आणि झाडाकडून संसार थाटायची अपेक्षा करत होतो.

मग डावपेच बदलले. वर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली. कुंड्या स्लॅबवरून उचलून जुन्या पलंगाच्या फळ्यांवर मांडल्या, मातीवर वाळल्या पानांचा चार बोटं थर दिला. पाणी फक्त पहाटे, रोज मापाने. कधी पूर, कधी दुष्काळ असं झालं की फळाच्या बुडाला काळा डाग पडतो. आणि संध्याकाळी गच्चीवर पाण्याचा सडा. लहानपणी गाद्या घालण्याआधी आई हेच करायची.

एक उपाय मात्र घरात गाजला. टोमॅटोचा पराग नळीत कोंडलेला असतो. भुंगा फुलाला लटकून गुणगुणला की त्या थरथरीने तो झडतो. मधमाशीला ती कला येत नाही. आमच्या गच्चीवर भुंगे नव्हते, पण मुलाने पाठवलेला विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश होता. सकाळी नऊला मी फुलांच्या देठांना तो लावत उभा असताना समोरच्या गच्चीवरच्या वहिनी कपडे वाळत घालायच्या थांबल्या. खालून बायकोने विचारलं, ‘‘तो ब्रश नंतर कुठे ठेवणार आहात?’’ शिवाय परागच मेलेला असेल, तर कितीही गुणगुणा.

मध्ये अवकाळी पावसाने चार दिवस गारवा दिला होता. त्याच्या हिशेबात की ब्रशच्या, कुणास ठाऊक, तीन फळं धरली. फुगली, पिवळी झाली, नारिंगी झाली आणि तिथेच अडली. तीस-बत्तीस अंशांच्या वर टोमॅटोत लाल रंगच नीट तयार होत नाही. मी वाट पाहत राहिलो असतो. बायकोने सरळ खुडली आणि कूलरच्या खोलीत स्टीलच्या ताटलीत ठेवली. पाचव्या दिवशी तिन्ही लालबुंद.

त्यातलं एक मी मिरवायला भाजीवालीकडे नेलं. तिने हातात घेऊन हलकेच दाबलं, देठापाशी वास घेतला.

‘‘चांगलं हाये. कितीले पडलं?’’

जाळी, फळ्या, खत, ब्रश... मी मनात बेरीज करू लागलो आणि मध्येच सोडून दिली. तिच्याकडून नारायणगावचे अर्धा किलो घेतले.