तेवढं सबस्क्राइब कर हं

हल्ली साखरपुडा असो, सत्यनारायण असो, अगदी तेरावं असलं तरी कुणीतरी शेजारी येऊन बसतं आणि हळूच म्हणतं, "आपलं चॅनल आहे, तेवढं सबस्क्राइब कर हं." आपण फोन विसरल्याचं नाटक करेपर्यंत समोरच्यानं तो आपल्याच हातातून घेऊन बटण दाबलेलं असतं. घंटासुद्धा.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी असंच गणगोत जमवलं. चॅनल स्वयंपाकाचं. दुपारी शूटिंग असलं की पंखा बंद, शेजारच्यांचा कुकर बंद (शेजारी म्हणजे आम्ही), मोबाइल रव्याच्या डब्याला टेकवलेला आणि काका टेबललॅम्प धरून घामाघूम उभे. जाहिरातींचे पैसे हवेत तर यूट्यूबची अट 1000 सबस्क्रायबरची आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाण्याची. पहिला आकडा काकूंनी लग्नसराईत उरकला. दुसरा हलेना. 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. दर खेपेला तीन मिनिटं धरली तरी 80,000 वेळा कुणीतरी बघायला हवं! नातेवाईक कुठले थांबायला? बारा मिनिटांच्या व्हिडिओखाली मावसनणंद पहिल्याच मिनिटात 'खूप छान, वहिनी' लिहून मोकळी.

किती जणांनी उघडलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला यूट्यूबनं 2012पासून जास्त वजन दिलं. त्यांनी बहुधा आपली लग्नं पाहिली असावीत. भिडेखातर आलेला पाहुणा मांडवात तोंड दाखवतो, पाकीट देतो आणि पंगत बसायच्या आत सटकतो. यंत्राला यातलं पाकीट दिसत नाही, सटकणं तेवढं दिसतं. लोक उठून जाताहेत म्हणजे यात दम नाही असं समजून ते व्हिडिओ परक्यांपुढे ठेवायलाच कचरतं. काकूंचा घात असा घरच्यांनीच केला, आणि तोही प्रेमानं.

मग भाचा सल्लागार झाला. थंबनेलवर काकू अळूवडीकडे साप बघितल्यासारख्या तोंड वासून बघू लागल्या. "ते 'नमस्कार मंडळी' वगैरे काढ मामी, पहिल्या दहा सेकंदांत तळलेली वडी दाखव." काकूंचा प्रश्न रास्त होता: "वडी आधीच दाखवली तर पुढे बघायला कोण राहील?"

मला तर नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आठवतात. 2020मध्ये नातवाच्या मदतीनं त्यांचं 'आपली आजी' सुरू झालं आणि आपल्या गावरान बोलीत रांधणाऱ्या त्या आजींना लाखो माणसं बघू लागली. एवढे पाहुणे कुठल्या लग्नात भेटणार?

काकूंनाही परवा पहिला परका माणूस लाभला. बडोद्याच्या कुणा गृहस्थांनी लिहिलं, 'नवव्या मिनिटाला वडी उलटताना मोडली, ती तुम्ही कापून टाकलीत. आणि देठांचं काय केलंत?' काका भडकले, "असल्या माणसाला उत्तरच देऊ नकोस." काकूंचा चेहरा मात्र खुललेला. "अहो, नऊ मिनिटं बसलाय बिचारा!"

पुढच्याच व्हिडिओत, 'नमस्कार मंडळी'च्याही आधी, त्या अळूच्या देठांची जुडी मोबाइलपुढे नाचवत म्हणाल्या, "बडोद्याचे भाऊ, हे बघा तुमचे देठ. आज देठी करायचीय."