पिशवीतली बिअर : साहित्य आणि कृती

वाढणी : ७५० मिलिलिटरच्या बारा बाटल्या. लागणारा वेळ : एक अख्खा शनिवार आणि त्यापुढचा महिनाभर. कृती : सोपी, असं म्हणतात.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. ही कृती मेलबर्नच्या एखाद्या उपनगरातल्या गॅरेजमध्ये करायची आहे. ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. मात्र ती विकायची नाही, आणि हौसेच्या भरात भट्टीवर चढवून तिचा अर्कही काढायचा नाही. विनापरवाना दारू गाळणं तिथेही गुन्हाच आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात घरच्या घरी बिअर करायची सोय नाही. तेव्हा सांगली-सोलापूरच्या वाचकांनी ही कृती नुसती वाचावी. वाचायला अजून परवाना लागत नाही.

आता तुमच्याविषयी. तुम्ही बहुधा पुण्या-नाशिकहून गेलेले इंजिनिअर आहात. चाळिशी एक तर येऊ घातलीय किंवा नुकतीच येऊन गेलीय. शनिवारी मुलांना पोहायला सोडून बाहेर गाडीत बसून राहायचा तुम्हाला कंटाळा आलाय. अशातच ऑफिसच्या बार्बेक्यूला कुणीतरी घरी केलेली बिअर आणली, तुम्ही दोन ग्लास प्यायलात आणि तिसऱ्याला तुम्हाला वाटलं, यात काय मोठंसं!

सुरुवात करणाऱ्यांसाठी शहाणा मार्ग असा : अॅडलेडच्या कूपर्स कंपनीचा डबा आणावा, त्यातला मॉल्टचा दाट पाक पाण्यात कालवावा, किलोभर साखर घालावी, झाकणाखाली मिळणारी यीस्टची पुडी वर भुरभुरावी आणि गप्प बसावं. अर्ध्या तासाचं काम. अर्ध्या ऑस्ट्रेलियाने आपली पहिली बिअर अशीच केली असेल. पण तुम्ही डबेवाले नाही. तुम्हाला ‘ऑल-ग्रेन’ हवी, म्हणजे दाण्यापासून. जवाला मोड आणून भट्टीत वाळवलेला दाणा म्हणजे मॉल्ट. तो भरडायचा, गरम पाण्यात ठेवून त्यातल्या पिठाची साखर करायची आणि तिथून पुढे जायचं.

पूर्वी या कामाला तीन भांडी लागत. एकात पाणी तापायचं, दुसऱ्यात दाणा मुरायचा, तिसऱ्यात रस उकळायचा. मधल्या भांड्यातल्या दाण्यावर संथ धारेने पाणी सोडून उरलीसुरली साखर धुऊन काढण्यात दुपार जायची. साधारण २००६च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या काही हौशी मंडळींनी ठरवलं की हा सगळा पसारा नको. एकच मोठं पातेलं, त्यात जाळीदार कापडाची पिशवी, पिशवीत दाणा. काम झालं की पिशवी उचलायची आणि त्याच पातेल्यात रस उकळायचा. काटकसर हा या पद्धतीचा सगळा मुद्दा आहे. तो तुम्ही आठवड्याभरात विसरणार आहात, एवढं आत्ताच लिहून ठेवतो.

साहित्य

भरडलेला पेल मॉल्ट सव्वादोन किलो. पाणी १६ लिटर. बिअरला कडूपणा आणि वास देणारे हॉप्स, कॅस्केड जातीचे, ३५ ग्रॅम. कोरडं एल यीस्ट, साडेअकरा ग्रॅमच्या पुडीतलं अर्धं. झाकणाचं स्टीलचं पातेलं, १९ लिटरचं. पडद्याच्या पातळ पॉलिएस्टर कापडाची पिशवी, पातेल्याच्या काठावरून बाहेर दुमडता येईल एवढी. थर्मामीटर, रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, झाकणाला एअरलॉक बसवलेला प्लॅस्टिकचा फर्मेंटर. धुवायची गरज न पडणारं सॅनिटायझर. जाड प्लॅस्टिकचा चौकोनी कॅन. बाटल्या, साखरेच्या गोळ्या, बुचं आणि बुचं दाबायचं यंत्र.

यादी एवढीच. आता न लागणारं साहित्य पाहू, कारण खरी खरेदी तिथे होते.

मॉल्ट दुकानदार भरडून देतो. तरी तुम्ही दोन रुळांची गिरणी घ्याल आणि ती फिरवायला ड्रिल मशीन. पिशवी भिजून चारेक किलोंची होते, कुठलाही धडधाकट माणूस ती एका हाताने उचलतो. तरी तुम्ही गॅरेजच्या छताला कप्पी बसवाल. थर्मामीटर एक असून भागत नाही, कारण तो बरोबर आहे की नाही हे कळायला दुसरा लागतो. दोघांत दीड अंशाचा फरक निघाला की तिसरा. पाण्यातल्या क्षारांचा हिशेब करणारी एक्सेल शीट तुम्ही पहिल्या थेंबाआधीच तयार केलेली असेल. मेलबर्नच्या नळाचं पाणी मुळात इतकं मऊ आहे की पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जायचं कारण नाही. क्लोरीनची शंका असेल तर रात्रभर उघडं ठेवलं की झालं. पण शीटला पाच टॅब आहेत आणि ती कुणाला तरी दाखवायची आहे.

एक खरेदी मात्र मी रास्त मानतो : जुना फ्रिज. तोही विकत घेऊ नये. उपनगरात ‘हार्ड रबिश’चे दिवस असतात, त्या आठवड्यात लोक नको झालेलं सामान घरापुढच्या हिरवळीवर काढून ठेवतात. संध्याकाळी कुत्रा फिरवायच्या निमित्ताने एक चक्कर मारावी. कुत्रा नसेल तर शेजाऱ्याचा घ्यावा.

कृती

पाणी ७० अंशांना आणा. पिशवी पातेल्यात पसरा आणि मॉल्ट हळूहळू सोडा, ढवळत राहा, गुठळ्या फोडा. दाणा गार असल्यामुळे तापमान ६७च्या आसपास येऊन थांबतं. हेच हवं आहे. शेगडी बंद करा. चालू ठेवलीत तर पिशवी बुडाला लागून वितळेल आणि बिअरला पडद्याचा स्वाद येईल. झाकण ठेवा, आईने पिशवीत कोंबून पाठवलेली गोधडी पातेल्याभोवती गुंडाळा आणि तासभर बाजूला व्हा.

या तासात आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला सारखं झाकण उघडावंसं वाटणार नाही. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम्स तयार झाली, त्यांतली दोन इथे कामाची. एक ६५ अंशांच्या खाली खूश असतं. ते पिठाच्या लांब साखळ्यांची टोकं कुरतडून यीस्टला खाता येईल अशी साखर करतं. दुसऱ्याला थोडी जास्त ऊब लागते. ते साखळी मधेच कुठेही तोडतं आणि यीस्टला न पचणारे तुकडे मागे ठेवतं. म्हणून ६५ला बिअर कोरडी आणि हलकी होते, ६९ला अंगाने भरते. ६७ हा तह आहे. पहिल्या पाच मिनिटांत चमचाभर पाणी काढून पाहा : पांढुरकं, गढूळ, चव पिठाची. वीस मिनिटांनी पुन्हा काढा : गढूळपणा गेलेला, रंग मधाकडे झुकलेला आणि जिभेला चक्क गोड. बाहेरून चिमूटभरही साखर घातलेली नाही. छंद म्हणून माणूस यात अडकतो तो या दुसऱ्या चमच्याला, पहिल्या ग्लासला नव्हे, असं माझं मत आहे.

पण तुम्ही झाकण उघडणार. दर पाच मिनिटांनी तापमान बघणार, आणि बघण्यासाठी उघडल्यामुळे ते उतरलंय हे पाहून पुन्हा शेगडी लावणार. वर पिशवी वितळण्याचा उल्लेख केला आहे.

याच सुमाराला घरात दाण्याचा गोड, उबदार वास भरतो. सासूबाई भारतातून आलेल्या असतील तर गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहतील.

“जावईबापू, एवढं काय शिजतंय हो?”

“जवाचं पाणी आहे, आई.”

“अगंबाई, चांगलं असतं ते. लघवीला जळजळ होत असेल तर फार गुणकारी. मलाही द्या वाटीभर.”

द्यावं. या टप्प्याला त्यात अल्कोहोलचा थेंब नसतो. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा मागितलं तर काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा.

तास झाला की पिशवीची चारी टोकं गोळा करा आणि वर उचला. श्रीखंडासाठी चक्का टांगलेला ज्याने पाहिलाय त्याला इथे काही शिकवावं लागत नाही : गाठ, खुंटी, खाली भांडं, आणि थेंब थेंब. फरक एवढाच की हे ६५ अंशांचं आहे आणि ते तुमच्या कोपरापर्यंत ओघळतं. पिशवी पिळावी की नाही यावर जाणकारांत जुना वाद आहे. पिळली तर सालातलं टॅनिन उतरून बिअर तुरट होते, असं एक पक्ष सांगतो. तुरटपणा येतो तो पाणी फार तापल्याने आणि फार अल्कधर्मी असल्याने. हाताच्या जोराने नाही. बिनधास्त पिळा, जाड रबरी मोजे घालून. निदान लिटरभर रस त्यातूनच मिळतो.

या रसाला वर्ट म्हणतात. आता तो तासभर खळखळून उकळायचा. उकळी फुटताच वर फेस चढतो, आणि तो नेमका कुरिअरवाला बेल वाजवतो तेव्हा उतू जातो. स्टीलवर करपलेली माल्टोजची साय खरवडण्यात गेलेल्या रविवारची ज्याला हौस नसेल त्याने पहिली दहा मिनिटं हलू नये. पाण्याचा फवारा हाताशी ठेवावा.

फेस बसला की १५ ग्रॅम हॉप्स घाला, हे कडूपणासाठी. शेवटची दहा मिनिटं उरली की १० ग्रॅम, हे चवीसाठी. शेगडी बंद करताना उरलेले १० ग्रॅम, हे वासासाठी. हॉप्समधली आम्लं तासभर उकळल्याशिवाय नीट कडू होत नाहीत, आणि सुगंधी तेलं तासभर उकळली तर उडून जातात, म्हणून हे तीन हप्ते. कॅस्केड अमेरिकेतल्या ओरेगनचे, संत्र्याच्या सालीकडे झुकणाऱ्या वासाचे. देशी अभिमान असेल तर ‘प्राइड ऑफ रिंगवूड’ वापरा. हा वाण मेलबर्नच्याच रिंगवूड उपनगरात निपजला. तो अधिक कडू, तेव्हा पहिला हप्ता दहा ग्रॅमवर आणा. वास मात्र ज्याचा त्याला आवडतो.

थंड करण्याचा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी फार झकास सोडवला आहे. इतरत्र तांब्याच्या नळीचं वेटोळं वर्टमध्ये बुडवून त्यातून नळाचं पाणी सोडतात आणि बादल्याच्या बादल्या गटारात जातात. दुष्काळ पाहिलेल्या देशात हे कुणाला पटावं? म्हणून वर्ट कडकडीत असतानाच जाड प्लॅस्टिकच्या चौकोनी कॅनमध्ये भरायचा, हवा दाबून काढायची, झाकण घट्ट लावायचं, कॅन आडवा करून झाकण आणि मूठ आतून शेकायची आणि झोपायला जायचं. सकाळपर्यंत निवतो. उशिरा घातलेले हॉप्स रात्रभर गरम राहून थोडा जास्त कडूपणा सोडतात, तेवढं धरून चालावं. लातूरच्या माणसाला ही पद्धत एका वाक्यात समजते.

इथून पुढे स्वच्छता. उकळेपर्यंत काहीही चालतं. उकळल्यानंतर वर्टला जे जे लागेल ते सॅनिटायझरमध्ये बुडवलेलं हवं : फर्मेंटर, झाकण, चमचा, कात्री, पुडीचा कोपरा, तुमचे हात. सॅनिटायझरचा फेस राहिला तर राहू दे.

निवलेला वर्ट फर्मेंटरमध्ये ओता. हायड्रोमीटर बुडवा, १.०४८ च्या आसपास दाखवेल. लिहून ठेवा. यीस्ट भुरभुरवा, झाकण लावा, फ्रिजमध्ये १८ ते २० अंशांवर ठेवा. मेलबर्नला एका दिवसात चार ऋतू होतात आणि यीस्टला एकही बदल खपत नाही, म्हणून तो फ्रिज.

दोन आठवडे थांबा. एअरलॉक दुसऱ्या दिवसापासून बुडबुडेल; तुम्ही त्याचा व्हिडिओ काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकाल. पाचव्या-सहाव्या दिवशी तो थांबेल आणि तुम्ही घाबरून झाकण उघडाल. उघडू नका. वर तपकिरी, खडबडीत, किळसवाणा थर दिसेल. तो तसाच असतो. हायड्रोमीटरचा आकडा १.०१० ला येऊन सलग तीन दिवस तिथेच राहिला तर काम झालं. दोन आकड्यांतल्या फरकाला १३१.२५ ने गुणा : सुमारे पाच टक्के अल्कोहोल. मग बाटलीत साखरेच्या दोन गोळ्या, वर बिअर, वर बूच. आकडा स्थिर होण्याआधी बाटल्या भरल्यात तर उरलेलं आंबणं बंद काचेत होईल आणि मध्यरात्री गॅरेजमध्ये एक-एक फुटेल. घाई कुणाला आहे, पाहुणे शनिवारी येणार म्हणून? पाहुण्यांना चहा द्या. बाटल्या आणखी दोन आठवडे उबेला ठेवायच्या आहेत.

टिपा

१. पिशवीतला चोथा टाकू नये. वाळवून दळला तर मूठभर भाजणीत मिसळून थालीपीठ होतं. मूठभरच, जास्त घातला तर सालं दातांत अडकतात आणि तुमच्या छंदाविषयी घरात बोललं जातं.

२. चोथा कोंबड्यांना चालतो. उकळलेल्या हॉप्सचा गाळ मात्र कुत्र्याला कदापि देऊ नये, तो त्याच्यासाठी विषारी आहे. कुत्रा शेजाऱ्याचा असेल तर विशेषच सांभाळावं.

३. खर्चाचा हिशेब बाटलीमागे काढू नये. काढलाच तर गिरणी, कप्पी, तीन थर्मामीटर आणि ड्रिल मशीन ‘घरसामान’ या सदरात टाकावं.

४. बाटली सरळ उभी गार करावी आणि एका दमात, तिरप्या ग्लासात ओतावी. तळाशी बोटभर यीस्टचा गाळ राहतो, तो बाटलीतच ठेवायचा; पोटात गेला तर रात्र गडगडाटात जाते. अगदीच ग्लासात उतरला तर तो ग्लास ‘विकतचीच आहे ना?’ असं विचारणाऱ्या पाहुण्याला द्यावा.