वेलांटीचं पूर्ण तिकीट

पायथनला ‘पुणे’ची लांबी विचारली तर तो बेधडक चार सांगतो. प, उकार, ण, मात्रा, हिशेब चोख. ‘नाशिक’ची पाच, हेही चोख. आता दहा घरांचा रकाना आखून दोन्ही गावं एकाखाली एक छापा. पुण्यापुढे सहा घरं मोकळी सुटतात, नाशिकपुढे पाच. पण टर्मिनलच्या पडद्यावर पुणे दोनच घरांत मावतं आणि नाशिक पाचही घरं अडवतं. शेजारच्या रकान्यातले पुण्याचे आकडे दोन घरं अलीकडे येतात आणि कोष्टकाची कंबर लचकते. म्हणून माझं म्हणणं असं, की रुंदी हा अक्षराचा अंगचा गुण नव्हेच. तो छापणारा आणि दाखवणारा यांच्यातला करार आहे.

लांबी नको, रुंदी विचारा, असं जाणकार सुचवतील. त्यासाठी सी भाषेत ‘डब्ल्यूसीविड्थ’ नावाचं फंक्शन आहे. मार्कुस कून यांची 2007 सालची, पुष्कळांनी उचललेली आवृत्ती पाहिली, की एसटीचा कडक कंडक्टर आठवतो. चिनी चित्राक्षर ऐसपैस बसतं, त्याला दोन तिकिटं. उकार पायाशी, मात्रा डोक्यावर, दोघं फुकट. काना आणि वेलांटी मात्र आडवी जागा खातात, म्हणून त्यांना पूर्ण तिकीट. अर्धं तिकीट या गाडीत मिळतच नाही. परिणामी ‘कु’ एका घरात आणि ‘की’ दोन घरांत.

मग काना-वेलांटीलाही फुकट बसवा, असं कुणी म्हणेल. तसे रुंदीचे तक्तेही आहेत. पण एका घरात ‘का’ कोंबला, की एकतर तो चेपतो, नाहीतर त्याचा काना शेजाऱ्याच्या अंगावर रेलतो. दिसणारी अक्षरंच मोजावीत, तर ‘र’ही एक आणि ‘स्त्री’ही एक, त्या शिडशिडीत ‘र’च्या मापाचं घर ‘स्त्री’ला कसं पुरणार? फॉन्टलाच विचारावं, तर टर्मिनलमध्ये धावणाऱ्या प्रोग्रॅमला पडद्यावर कोणता फॉन्ट आहे याचा सहसा पत्ताच नसतो. तो नुसती अक्षरं पाठवून मोकळा होतो.

तेव्हा बिनचूक तक्त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. एडिटर एका तक्त्याने मोजतो आणि टर्मिनल दुसऱ्याने, तेव्हा कर्सर दिसतो एकीकडे आणि खोडलं जातं भलतंच. दोघांचा तक्ता एकच असेल, तर अक्षरं थोडी अवघडून बसतील, पण रकाने सरळ राहतील. देवनागरीला चौकटीत बसवायचंच असेल तर थोडी चूक होणारच. निदान ती दोघांनी मिळून करावी.