पार्सल रायर

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कुडमुरुट्टी नदीच्या काठी वसलेले पापनाशम हे तालुक्याचे गाव महाराष्ट्रातील वाचकाला फारसे परिचित नसले, तरी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरची गादी मिळवल्यावर कावेरीच्या या सुपीक पट्ट्यात जी मराठी कुटुंबे येऊन राहिली आणि १८५५ साली राज्य खालसा झाल्यानंतरही माघारी फिरली नाहीत, त्यांचे वंशज या मुलखात अद्याप सापडतात. घरात ते आपली तंजावरी मराठी बोलतात, उंबऱ्याबाहेर तमिळ बोलतात, आणि तमिळ शेजारी त्यांना आदराने ‘रायर’ म्हणतात. या समाजाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. त्यात अलीकडे उदयास आलेला एक पोटप्रकार मात्र अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला दिसतो, आणि त्याला सोयीसाठी ‘पार्सल रायर’ असे नाव देता येईल.

पार्सल रायर होण्यासाठी निवृत्तिवेतन सुरू झालेले असावे लागते, आणि नोकरीनिमित्त पुण्याकडे गेलेल्या मुलाने किंवा मुलीने तिकडून काहीतरी पाठवलेले असावे लागते. हे ‘काहीतरी’ म्हणजे बहुधा पावशेर आमसुले, गोड्या मसाल्याची पुडी आणि एक दिवाळी अंक एवढेच असते. वस्तू निघाल्याची वार्ता कळेपर्यंत हा गृहस्थ चारचौघांसारखा असतो. पण तिच्या पाठोपाठ टपालाचा क्रमांक मोबाइलवर येऊन पडला की त्याच्या दिनचर्येचा ताबा तो क्रमांक घेतो. सकाळच्या कॉफीपूर्वी एकदा, कॉफीनंतर एकदा, आणि दोन्ही वेळी काहीच बदललेले नाही याची खात्री करण्यासाठी पुन्हा एकदा तो टपाल खात्याचे संकेतस्थळ उघडतो. अंगठ्याने पडदा खाली ओढून सोडण्याची त्याची लकब विहिरीतून पोहरा ओढणाऱ्याची आठवण करून देते. वारंवार पाहिल्याने पार्सल लवकर येते असे तो कधी बोलून दाखवत नाही, मात्र वागतो तसाच.

या क्रमांकाची रचना त्याला तोंडपाठ असते. आरंभी दोन रोमन अक्षरे, मध्ये नऊ अंक आणि शेवटी देश दर्शवणारी दोन अक्षरे, अशी ही तेरा चिन्हांची मांडणी जागतिक टपाल संघाने ठरवून दिलेली आहे, आणि हा संघ १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे स्थापन झाला, ही माहितीही तो विचारल्यावाचून पुरवतो. पहिल्या अक्षरावरून सेवेचा प्रकार कळतो: ‘ई’ म्हणजे स्पीड पोस्ट, ‘आर’ म्हणजे रजिस्टर, ‘सी’ म्हणजे पार्सल. नऊ अंकांपैकी शेवटचा हा तपासणीचा अंक असतो. आधीच्या आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणून, गुणाकारांच्या बेरजेला ११ ने भागून, उरलेली बाकी ११ मधून वजा केली की तो मिळतो (उत्तर १० आल्यास शून्य आणि ११ आल्यास ५ धरतात), आणि टंकणाऱ्याच्या हातून एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर यंत्राला ते ताबडतोब कळावे, हा त्यामागचा हेतू असतो. पार्सल रायर बँकेतून निवृत्त झालेला असेल तर हा हिशेब जुन्या पावतीच्या पाठीवर मांडतो आणि क्रमांक अस्सल असल्याचा निर्वाळा पत्नीला देतो. तिला तो बनावट असल्याचा संशय कधीच आलेला नसतो.

पडद्यावर प्रत्यक्षात काय दिसते, याविषयी मात्र त्याची समजूत मुळातच चुकलेली असते. वस्तू या क्षणी कुठे आहे हे तिथे कळते असे तो मानतो; तिथे कळते ते एवढेच की ती शेवटी कुणाच्या हाताखालून गेली. टपाल कचेरीत वस्तू स्वीकारली की एक नोंद होते, इतर वस्तूंबरोबर ती थैलीत भरली की दुसरी, थैली रवाना झाली की तिसरी, आणि पुढे वर्गीकरण केंद्रात थैली उघडली की आणखी एक. या दोन टोकांच्या मध्ये पार्सलाला स्वतःचे असे अस्तित्व नसते, कारण प्रवास थैली करत असते आणि वाटेत कुणी तिच्यात हात घालून आमसुलांची विचारपूस करत नाही. नोंदींमधल्या या रिकाम्या काळाला टपाल खाते वाहतूक म्हणते आणि पार्सल रायर संकट म्हणतो. पुण्यात सोमवारी रात्री थैलीबंद झालेली वस्तू बुधवारी दुपारपर्यंत चेन्नईत अवतरली नाही, तर रुळांवर पाणी आले असावे, मालडबा चुकीच्या गाडीला जोडला गेला असावा, निदान कुणीतरी संप पुकारला असावा, असे सिद्धान्त तो ओसरीवर मांडू लागतो. आणि सायकलवरून जाणारा पोस्टमन ‘नाळै वरुम, सार’, म्हणजे ‘उद्या येईल, साहेब’, असे म्हणाला की तो त्याच्याकडे करुणेने पाहतो, कारण त्या बिचाऱ्याकडे आकडेवारी नसते.

गंमत अशी की खरे संकट जिथे दबा धरून बसलेले असते तिकडे त्याचे लक्षच नसते. तमिळनाडूत पापनाशम दोन आहेत. दुसरे तिकडे दक्षिणेला, तिरुनेलवेली जिल्ह्यात ताम्रपर्णीच्या काठी, तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्याला धबधबे आहेत, धरण आहे, आणि २०१५ साली कमल हासनची भूमिका असलेला त्या नावाचा चित्रपट निघाल्यापासून बाहेरच्या माणसाला पापनाशम म्हटले की तेच आठवते. रायरांच्या पापनाशमचे नाव आपल्या नावामागे लावणारे थोर वाग्गेयकार पापनाशम शिवन यांना संगीताचे जाणकार ओळखतात, पण कुरिअरवाले सहसा त्या वर्गात मोडत नाहीत.

नेमक्या अशाच घोटाळ्यांवरचा उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडची पद्धत सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, संस्कृत कवीही होते. सारख्या नावाची गावे, पत्ते लिहिण्याच्या नाना भाषा आणि न लागणारी अक्षरे, या तिहींवर त्यांनी सहा अंकांचा उतारा काढला: पहिला अंक देशाच्या टपाल विभागाचा, दुसरा त्यातल्या उपविभागाचा, तिसरा वर्गीकरण जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या टपाल कचेरीचे. दोन्ही पापनाशमांचा पहिला अंक ६ हाच आहे. पण तंजावरकडच्या पापनाशमचा पिन ६१४ ने सुरू होतो आणि तिरुनेलवेलीकडच्याचा ६२७ ने, त्यामुळे चूक झाली तर ती दोन अंकांची होते आणि पार्सल धबधबा पाहून येते. तेरा चिन्हांचा क्रमांक झोपेत म्हणून दाखवणाऱ्या या गृहस्थाला मुलाने फोनवर पिन विचारला होता, तेव्हा ‘पापनाशम लिही, सगळ्यांना ठाऊक आहे’ असे उत्तर मिळाले होते.

सेवेच्या निवडीबाबतही त्याची मते ठाम आणि खर्चिक असतात. १९८६ साली सुरू झालेली स्पीड पोस्ट सेवा आणि जुने रजिस्टर टपाल २०२५ साली एकत्र करण्यात आले. आता रजिस्टर ही स्पीड पोस्टला जोडून घ्यायची जादा सोय आहे, तिच्यासाठी पाच रुपये आणि त्यावरचा कर द्यावा लागतो, आणि वस्तू पत्त्यावरच्या माणसाच्याच किंवा त्याने लेखी नेमलेल्याच्याच हाती पडते. पुस्तकांसाठी त्याच वर्षी १ मेपासून ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा निघाली असून तीत ३०० ग्रॅमला २० रुपये आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, शिवाय कर, असा आकार पडतो. नियतकालिके आणि जाहिराती असलेली प्रकाशने मात्र या सेवेत बसत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंक दोन्ही बाजूंनी बाद होतो. टपालाच्या नियमानुसार त्यात ज्ञान नसते, या निष्कर्षाला काही वाचक दुजोराही देतील. तो स्पीड पोस्टनेच मागवावा असा रायरांचा आग्रह असतो. वास्तविक देवनागरी अक्षरे जुळवत जुळवत अंक वाचून संपायला त्यांना पुढची दिवाळी उजाडते, तेव्हा आठवडाभराच्या उशिराने बिघडण्यासारखे काही नसते.

परतीच्या वाटेने पुण्याला अप्पळम, म्हणजे तांदळा-उडदाचे पापड, पाठवायची वेळ आली की तो खासगी कुरिअरकडे जातो आणि तिथे त्याला आकारमानी वजनाचा धक्का बसतो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागली की जे किलो येतात, ते खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील तर भाडे त्यांचे घेतात, कारण गाडीत आणि विमानात जागा अडते ती आकाराने. अप्पळम मोडू नयेत म्हणून निवडलेले ४० गुणिले ३० गुणिले २५ चे खोके अशा रीतीने ६ किलोचे ठरते, आत दोन किलोसुद्धा माल नसला तरी. सरफोजीराजे दुसरे यांनी युरोपातून हजारो ग्रंथ मागवून सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, तेव्हा ते शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून येत आणि वाटेत कुठे आहेत हे कुणालाही कळत नसे, हा दाखला रायर अशा वेळी देतात; राजांना त्या काळात इतर कामे सुचत होती, हे ते सांगत नाहीत.

अखेर पार्सल गावात पोहोचते आणि पडद्यावर ‘वाटपासाठी बाहेर’ ही नोंद उमटते. पार्सल रायरला आता घरी बसवत नाही. ती नोंद पोस्टमास्तरांना दाखवण्यासाठी तो मोबाइल घेऊन टपाल कचेरीची वाट धरतो. त्याच सुमारास पोस्टमन त्याच्या दाराशी उभा असतो, पाठवणाऱ्याने आणखी पाच रुपये भरून ओटीपीची, म्हणजे मोबाइलवर येणारा आकडा सांगितल्यावरच वस्तू देण्याची, सोय घेतलेली असते, आणि तो आकडा कचेरीच्या खिडकीपाशी रायरांच्या खिशात वाजत असतो. पत्नी पार्सल पाहते, हात लावू शकत नाही. थोड्याच वेळात पत्त्यावर घेणारा हजर नसल्याची नोंद होते, आणि ती गावात सर्वांआधी रायरच वाचतात.

तेव्हा पापनाशमला काही पाठवणाऱ्याने पत्त्याखाली ‘जिल्हा तंजावर, ६१४२०५’ एवढे ठळक लिहावे, ओटीपीसाठी घरातल्या बाईंचा मोबाइल नंबर द्यावा, आणि रायरांना तेरा चिन्हांचा क्रमांक पार्सल पोहोचल्यानंतर कळवावा.