रा. रा. चिकटराव यांस अनावृत पत्र



आपलं खरं नाव ठाऊक नाही, म्हणून चिकटराव म्हणते. प्लास्टिकचा डबा साच्यातून बाहेर पडला की त्याच्या झाकणावर, अगदी मधोमध, किमतीचा कागद कुठल्या डिंकानं बसवायचा हे जे कोणी ठरवत असतील ते आपण. आम्ही शिनोलीच्या बायका. घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं. यंदा संक्रांतीच्या वाणाला आपल्या कारखान्याचे डबे डझनावारी घेतले, म्हणून हा पत्रप्रपंच.

वाणाची रीत आपल्याला माहीत असेलच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुणाकडे ना कुणाकडे हळदी-कुंकू असतं आणि आलेल्या बाईच्या हातात तिळगुळाबरोबर एखादी उपयोगाची वस्तू द्यायची असते. देताना किंमत दिसू द्यायची नसते. ती दिसली की देणारीचं तोंड एवढंसं होतं आणि घेणारी घरी जाऊन गेल्या वर्षीच्या वाणाशी हिशेब लावत बसते. तेव्हा स्टिकर काढणं आलंच.

आता ते कसं निघतं पाहा. कोपऱ्याला नख घातलं की वरचा गुळगुळीत पापुद्रा तेवढा सुटतो, तोही तिरका फाटून. खालचा पांढरा कागद जागचा हलत नाही. तो भिजवून अंगठ्यानं चोळला की त्याच्या शेवया होतात. शेवया झटकल्या की खाली उरतो तो आपला खास डिंक, दिसायला काहीच नाही आणि बोट टेकवलं की बोट सोडत नाही. ऐन हळदी-कुंकवात काय झालं असेल, अंदाज करा. हळद लावलेली बोटं झाकणाला लागली, चौकोन पिवळा झाला. पुढचीनं हात लावला, त्यावर कुंकू बसलं. जी किंमत लपवायला आम्ही नखं झिजवली, तिची जागा आपण रंगवून दाखवलीत! एका मावशींनी डबा उजेडात धरून विचारलं, "इथं काय होतं गं लिहिलेलं?"

त्या स्टिकरच्या पोटात चिरा असतात, हे मागाहून एका दुकानदारानं सांगितलं. मुद्दाम पाडलेल्या. अख्खा निघूच नये, निघाला तर तुकड्यातुकड्यानं निघावा, म्हणजे गिऱ्हाइकानं स्वस्त डब्याचा स्टिकर महाग डब्यावर लावू नये. वा! म्हणजे पैसे मोजून घरी आणलेल्या डब्यावरही आमच्यावरचा संशय तसाच चिकटलेला.

उपाय सगळे करून झाले. साबणपाण्याला आपला डिंक भीक घालत नाही. तारेच्या घासणीनं डिंक जातो, पण झाकणाचं कातडंही सोलून निघतं. पूर्वी रेशनचं रॉकेल घरात असायचं, एक बोळा फिरवला की काम व्हायचं (आणि महिनाभर डब्यातल्या पोह्यांना वास यायचा). आता रेशनवर रॉकेल दिसत नाही. सुनेनं नेलपेंट काढायचं पाणी आणलं. दुधी रंगाच्या डब्याला त्यानं काही केलं नाही, पण काचेसारखा पारदर्शक, कडक डबा होता त्याला मोतीबिंदू झाला. त्या प्लास्टिकला ते पाणी विरघळवतं, हे डब्यावर कुठं लिहिलंय? किंमत मात्र लिहिलीय.

शेवटी लागू पडलं ते गोडेतेल. लेबलाचा हा डिंक वाळणारा नसतोच. तो जन्मभर अर्धवट पातळ राहतो आणि म्हणूनच दाबला की बसतो. त्याची जात तेलाची, त्यामुळं पाण्याला दाद देत नाही आणि तेलात मात्र फुगून सैल होतो. तेलाचं बोट फिरवा, घोटभर चहा होईस्तोवर ठेवा, खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकून फडक्यानं चोळा, निघतो. मग तेल काढायला साबण, साबण काढायला पाणी. गोडेतेलाचा आजचा भाव आपल्याला माहीत आहे का? तो डब्याच्या किमतीत धरून स्टिकर छापलात, तर निदान खरी किंमत तरी कळेल.

बरं, सहज निघणारा डिंक माणसाला जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. १९६८ साली अमेरिकेत स्पेन्सर सिल्व्हर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती धड न चिकटणारा डिंक लागला. १९८० पासून त्याच डिंकाच्या पिवळ्या चिठ्ठ्या अमेरिकेत सर्रास विकायला आल्या. आज त्या साऱ्या जगाच्या कचेऱ्यांत लागतात आणि खूण न ठेवता निघतात. जपानात बाटलीच्या वेष्टनाला ओळीनं बारीक भोकं पाडलेली असतात, तिथून ओढलं की ते अख्खं हातात येतं. तुमच्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नाही? पोरांच्या वह्यांवरची नावाची लेबलं आठवड्यात गळून पडतात, तिथं तुमचा हा डिंक कुठं असतो?

चिकटून राहणाऱ्या नावाचं आम्हाला नवल नाही, हेही सांगून ठेवते. ज्या आंबेगावावरून आमच्या तालुक्याला नाव पडलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. कचेऱ्या घोडेगावात आहेत आणि नाव आंबेगाव. ते कुणी खरवडायला जात नाही.

पण एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. आमच्याकडं टोमॅटो, कांदा, बटाटा. फवारणीचं औषध घरोघर असतं. औषध म्हणायचं, असतं विष. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार त्याच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असावा लागतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. आता गोठ्याच्या फळीवर जाऊन बघा. बुचातून ओघळ आला की लेबल भिजतं, फुगतं, कडेनं सुटतं आणि एक दिवस खाली पडून शेणात जातं. फळीवर उरते नुसती बाटली, आत पिवळसर काहीतरी. त्रिकोण कुठला होता, मात्रा किती होती, पोटात गेलं तर काय करायचं, सगळं गेलं! शेंगदाण्याच्या डब्याची किंमत जन्मभर राहावी आणि विषाचं नाव दोन ओघळांत धुऊन जावं? कुणाच्या डोक्यातून निघालेली अक्कल ही? पोरं खेळतात हो तिथं. औषधवाल्यांचा डिंक ठरवणारे आपण नसाल, तर जे असतील त्यांना हे पत्र दाखवा.

आपली बाजू मला दिसत नाही असं नाही. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम आहेत. किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रार कुठं करायची, हे सगळं वेष्टनावर हवं आणि लेबलावर असेल तर ते घट्ट बसलेलं हवं. लेबल गळालं तर निरीक्षक आपल्याला धरणार, दुकानदार माल परत पाठवणार. आणि मंचरच्या बाजारातल्या गर्दीत स्टिकर बदलणाऱ्या बाया मी स्वतः पाहिल्यात, नावं सांगणार नाही. वर ज्या पोरी कारखान्यात दिवसभर उभ्या राहून हे कागद डकवतात, त्यांची बोटं संध्याकाळी कशानं सुटत असतील? त्यांना तरी तेल मिळतं का? आपणही मधल्यामध्ये भरडले जात असाल. डिंकाचा पिंप जो स्वस्त मिळतो तोच घ्या, असं वरून सांगितलं जात असेल.

तरीही मागणी सोडत नाही. किंमत डब्याच्या बुडाला लावा. नाहीतर कार्डावर छापा आणि पारदर्शक डब्याच्या आत, बाहेरून वाचता येईल असं ठेवा. तेही जमत नसेल, तर स्टिकरचा एक कोपरा तरी डिंकाविना कोरडा सोडा. एवढं झालं तर आमची नखं आपल्याला दुवा देतील.

कळावे, लोभ नसावा.

आपलं एक गिऱ्हाईक,
शिनोली, ता. आंबेगाव, जि. पुणे

ता. क. पुढच्या संक्रांतीला स्टीलच्या वाट्या द्यायचं आमचं ठरलंय. स्टिकर त्यांच्याही पोटात असतो. तोही आपणच ठरवत असाल, तर पौषाच्या आत कळवावे, म्हणजे तेलाचा डबा आधीच भरून ठेवता येईल.